माइकवरची प्रार्थना

सर्व लहानथोरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, बुलढाण्यातल्या आमच्या घरी आईने काकूला 'तुम्ही' म्हणायला सुरुवात केली होती.

काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ, शेजारच्याच घरात राहणारी. एरवी आई तिला 'काऊन वं', म्हणजे 'का गं', म्हणून हाक मारायची आणि भाजी खारट झाली तर चार घरांना ऐकू जाईल असं सुनवायची. आता मात्र 'या, बसा, च्या घेता का?' चर्चच्या अख्ख्या मंडळीत आईच्या स्वभावाची तारीफ, आणि माझ्या अंगावर काटा.

झालं होतं असं, की माझ्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. आईने ते फक्त काकूला सांगितलं. काकूने रविवारी चर्चमध्ये माइक धरला, डोळे मिटले आणि सगळं देवाला सांगितलं. मुलाकडचे काय काय बोलले, तेसुद्धा. देवाला एवढा तपशील लागत असेल असं मला वाटत नाही. बहीण पुढच्याच बाकावर होती. त्यानंतर ती चर्चला आलीच नाही.

महिन्याभराने घरच्या प्रार्थनेत पवित्र शास्त्र वाचायची पाळी आईची होती. भावाचा द्वेष मनात धरू नको, तो चुकला तर त्याला स्पष्ट सांग, अशी आज्ञा आली. आई थांबली. तेवढंच पुन्हा वाचलं. चष्मा काढून आमच्याकडे पाहत म्हणाली, "म्हंजे हे माह्यं गोड बोलणं पाप होय?"



दुसऱ्या दिवशी दुपारी ती काकूकडे निघाली. असा खेळ मी कसा चुकवीन? मागोमाग गेलो. काकू तुरीची डाळ पाखडत होती. आईने तिच्या हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि तिचे दोन्ही हात धरले.

"महिनाभर तुह्यावर राग धरून बसली मी. तोंडावर बोलली नाही, हे माह्यं चुकलं. आता तुह्यं ऐक. देवाले सांगतलं, बरं केलं. पण माइकवर काऊन वं? पोरगी तोंड लपवून राह्यली. तूच तिले चर्चमंधी परत घेऊन ये. तुह्यंच ऐकते ते."

एक शब्द पातळ केला नव्हता तिने. आणि आवाज? तापाने फणफणलेल्या लेकराला औषध पाजताना असतो तसा. भांडण पाहायला आलेला मी, देवळाच्या दारात उभं राहावं तसा चपला हातात घेऊन उभा राहिलो.

काकूचा चेहरा लालबुंद. वाटलं, आता सूप उडतं. तर तिने पदर डोळ्यांना लावला आणि ओरडलीच, "अवं ताई, मले असं कोणी सांगतच नाही! सारे नुसते आमेन म्हणतात!"