भिंतीवरचे हात

पुढं या, अशा दारात उभ्या राहू नका. आणि नाकाला लावलेला तो पदर आधी खाली घ्या. वास येतोय तो शेणाचा येतोय, मेल्या उंदराचा नाही. तुम्ही आजकालच्या लेकी-सुना, लेकरानं मातीला बोट लावलं की लगेच पर्समधून बाटली काढून त्याचे हात चोळता. मला हसू येतं. आणि हसता हसता लाजही वाटते, कारण मी तुमच्याहून वाईट होते.

आमच्या अंगणवाडीत एक मदतनीस मावशी होत्या. त्यांचं एक म्हणणं ठरलेलं, "आधी वास घ्या, मग शी म्हणा." असं म्हणत हातातली वस्तू त्या सरळ माझ्या नाकाशी आणायच्या. हातात काय असेल याचा नेम नाही. कधी बियांसाठी कुजवलेलं वाळूक, कधी ओल्या मातीचं ढेकूळ आणि त्यात वळवळणारं गांडूळ. मी अंगणवाडीची सेविका, म्हणजे त्यांची बाई. माझं माहेर धाराशिवचं, वडील कोर्टात कारकून. घरात फरशी, दारात नळ. लग्न होऊन तेरणाकाठच्या या गावी आले, तरी शेण पायाखाली आलं तर तेवढाच माझा त्याचा संबंध.

खरं सांगते, मला त्यांची किळस यायची. मिश्री लावून काळे झालेले दात. नखांत कायम माती. लेकराचं नाक पदरानं पुसायच्या आणि त्याच पदरानं ताटली. मी म्हणायचे, "मावशी, अहो साबण आहे ना." त्या म्हणायच्या, "हाय की. पळून चाललाय व्हय?"

पण लेकरं त्यांना चिकटून असायची. अंगणवाडीच्या मागं त्यांनी परसबाग केली होती. दसरा झाला, ऊन जरा हलकं झालं, की त्या सगळ्या लेकरांना मागं घेऊन जायच्या. ज्वारीच्या धांड्याच्या बैलगाड्या करायच्या. चाकं, जू, साटा, सगळं धांड्याचं, एक खिळा नाही. भोपळ्याच्या पानाचा पोकळ देठ कापून त्याची पिपाणी करायच्या. ती पिपाणी या तोंडातून त्या तोंडात, त्या तोंडातून या तोंडात. लाळ गळतेय, शेंबूड गळतोय आणि पों पों चाललंय. मी आत बसून रजिस्टर लिहायचे आणि खिडकी लावून घ्यायचे.

त्यांचा तो भोपळा मात्र खरोखर वेगळा होता. बसका, खोल फाकी पडलेला, वरून राखेच्या रंगाचा. कापला की आत हळदीत कुंकू पडल्यासारखा. त्याचे घारगे करायच्या, तर गूळ निम्मा पुरायचा. लग्नात सासरी येताना आईनं त्यांच्या पदराला हे बी बांधून दिलं होतं. "सोनं न्हाय दिलं बगा मायनं. बी दिलं. सोनं असतं तर कवाच मोडून खाल्लं असतं." घारगे मी खायचे. कसे करायच्या ते मात्र बघायचे नाही. बघितलं असतं तर घास उतरला नसता.

एकदा दिवाळीच्या तोंडावर मला बैठकीला धाराशिवला जावं लागलं. दुसऱ्या दिवशी येऊन बघते, तर मागच्या भिंतीवर शेणाच्या थापट्या. ग्रामपंचायतीनं नुकताच चुना दिलेला, पांढरी शुभ्र भिंत, आणि तिच्यावर लेकरांच्या पंजांचे ठसे उठलेल्या हिरव्या-काळ्या वीस-बावीस थापट्या. वर माशा घोंघावतायत. एका पोरीनं मला दाखवलं, "बाई, ह्यो माझा हात." तिचं बोट धरून मी तिला नळावर नेलं आणि कोपरापर्यंत घासलं. ती रडायला लागली.

मावशींना बोलायचं, तर त्या नेमक्या त्याच दिवशी लेकीकडं, आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीला गेलेल्या. लेकीचे दिवस भरले होते. आठ दिवस त्या नव्हत्या. मी रोज मागं जायचे, भिंत बघायचे, तोंड फिरवून आत यायचे. म्हटलं, येऊ द्या, त्यांच्याच हातानं काढायला लावते.

आणि निरोप आला, उद्या तपासणीला मॅडम येणार.

मग मी नाकातोंडाला रुमाल बांधला, खुरपं घेतलं आणि खरवडायला लागले. थापट्या वाळल्या होत्या, पण नखाखाली भुगा जायचाच. एकेक पंजा सुटून खाली पडायचा. सगळं घमेल्यात भरलं. उकिरड्यावर टाकलं तर मॅडमना दिसेल, म्हणून मागच्या चुलीत घातलं आणि काडी लावली. भुरुभुरु पेटलं. मग आतून तडतड आवाज यायला लागला, फुटाणे फुटावेत तसा. मला वाटलं, आत किडे आहेत, तेच फुटतायत. घरी जाऊन मी डोक्यावरून आंघोळ केली.

मॅडम आल्या. पुढच्या खोलीत बसल्या, चहा घेतला, रजिस्टर बघितलं. "स्वच्छता छान आहे हं," म्हणाल्या आणि गेल्या. मागं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मावशी आल्या. नात झाली होती, पेढे आणले होते. पेढ्याचा पुडा माझ्या टेबलावर ठेवला आणि नेहमीसारख्या मागं गेल्या. थोड्या वेळानं दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, हात कुठं गेले?"

"कुणाचे?"

"लेकरांचे. भितीवरले."

मी आवाज चढवला. "मावशी, ही अंगणवाडी आहे, गोठा नाही. मी काढले ते आणि जाळले."

त्या तशाच मागं वळल्या. चुलीपाशी जाऊन बसल्या आणि राखेत हात घातला.

तुमच्यातल्या ज्या गावातल्या आहेत, त्यांना कळलंच असेल. मला नव्हतं कळलं. बी शेणात घालून भिंतीला थापतात, मग त्याला कीड लागत नाही, उंदीर खात नाहीत. पेरायच्या दिवसापर्यंत ते भिंतीवरच राहतं. माझ्या सासूबाई असत्या तर मला हाताला धरून मागं ओढलं असतं. बियांसाठी राखलेला त्या वर्षीचा एकुलता एक भोपळा मावशींनी अंगणवाडीतच फोडला होता. लेकरांकडूनच बिया वेचून घेतल्या, त्यांच्याच हातानं शेणात दाबायला लावल्या आणि म्हणाल्या होत्या, "ज्याचा हात, त्याचा येल." प्रत्येक लेकरागणिक एक वेल लावायचा त्यांचा बेत होता. घरी एकही बी ठेवली नव्हती.

"सगळ्याच होत्या का त्यात?" मी विचारलं.

"व्हय. घरी उंदरं हायती. म्हनलं, बाईच्या भितीवर ऱ्हातील नीट."

राख चाळून त्यांनी मूठभर बिया काढल्या. फुगलेल्या, काळपट. एक दाताखाली धरून फोडली आणि चघळली. "भाजलं की ओ आतून," म्हणाल्या. लेकरं भोवती जमली होती. मावशींनी बियांवरची राख फुंकली आणि एकेकाच्या हातावर एकेक ठेवली. "खावा. भाजलेल्याच हायती. ग्वाड लागत्याल."

लेकरांनी खाल्ल्या. एक बी त्यांनी माझ्याही हातावर ठेवली. राखेतली, त्यांच्या फुंकरीची, शेणातून निघालेली. मी ती मुठीत धरून आत आले आणि खिडकीतून बाहेर टाकली. इतकं सगळं होऊनही मला किळस आली. आज मला ज्याची किळस येते, ती त्या क्षणाची.

त्यांनी मला कधी बोल लावला नाही. त्यांनी बियांसाठी माहेरी निरोप धाडला. भावांनी कधीच सगळ्या रानात सोयाबीन केलं होतं. तेर गावच्या बाजारात शोधलं. बाजारचं बी आणून लावलं, त्याला हे मोठाले भोपळे लागले. कापला आणि म्हणाल्या, "नुसतं पानी हाय." पुढं चार वर्षं आम्ही बरोबर काम केलं. धांड्याच्या गाड्या झाल्या, पिपाण्या झाल्या. शेणाला मात्र त्यांनी अंगणवाडीत पुन्हा हात लावला नाही. आणि एक सवय लागली त्यांना. लेकराला घास भरवायच्या आधी माझ्या टेबलासमोर यायच्या, दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "धुतले, बाई." मी मान हलवायचे. एकदाही म्हणाले नाही की मावशी, राहू द्या आता.

आता मीही निवृत्त होऊन घरी बसलेय. हे शेण मी आणलंय. दोडक्याचं, घोसाळ्याचं बी थापतेय, जमेल तसं. मावशी वाशीला लेकीकडं असतात. अंथरुणावरून उठवत नाही, जेवण सुटलंय. लेक फोनवर म्हणाली, "बाई, आई सारखी घारगं मागती. केलं की तोंडात घिऊन बाहीर काढती. ह्यो न्हाय म्हनती." मी दोनदा करून नेले. माझेही बाहेर काढले.

म्हणून तुम्हाला बोलावलंय. तुमच्या माहेरी, सासरी, कुणाच्या परसात, कुणाच्या पत्र्यावर बघा. बसका, खोल फाकींचा, राखेच्या रंगाचा. बी पुढच्या पावसात लावून भोपळा हाती यायला वर्ष लागेल, तेवढा काळ त्या काढतील असं वाटत नाही. तेव्हा अख्खा भोपळाच आणा. चार घरं हिंडावं लागलं तर हिंडा. धाराशिवला गाडी बदलून वाशीला जावं लागतं, मी बरोबर येते. पीठ दळून ठेवते, गूळ निम्माच घालू. दिवाळीची वाट बघू नका, या आठवड्यातच या.