मामांचा ड्रमसेट

जुन्या वाद्यांच्या दुकानात शिरताच माझं कोपर एका झांजेला लागलं आणि ती स्टँडसकट कोसळली. दुकानदार धावत आला. "तुमच्यापैकी वाजवतं कोण?"

"मी. हा फक्त पाडतो," मामा म्हणाले.

मामांनी उमेदीची वर्षं हॉटेलातल्या बँडमध्ये घालवली. मामीच्या आजारपणात ड्रमसेट विकला. ती गेल्यापासून ते तोच शोधत दुकानं पालथी घालतात, आणि मी हमाल म्हणून बरोबर असतो.

कोपऱ्यात एक लाल सेट होता. "अस्सल जुना माल, कंपनीचा बिल्ला बघा," दुकानदार म्हणाला. मामांनी बिल्ल्याकडे पाहिलंही नाही. मोठ्या ड्रमच्या तोंडावरचं पान उतरवायला लावलं, आत हात घातला आणि तसेच थांबले. आत लोकरीची पट्टी चिकटवलेली होती. घरी सराव करताना आवाज दबावा म्हणून मामीनंच स्वतःची शाल फाडून दिली होती, "आता बडवा काय ते!" म्हणत.

"सापडला की मामा! घेऊन टाकू. पट्टी काढा आणि वाजवा दणकून. आता ओरडायला घरात आहे कोण?" बोलून गेलो आणि जीभ चावली.

मामा म्हणाले, "पट्टी तेवढी सोडवून घे, ड्रम राहू दे."