काचेच्या कपाटातला फोन

आमचा वेनियामिन, म्हणजे वेन्या, म्हाताऱ्या माणसांसाठी फोन बनवतो. वोलोग्दा शहरातल्या आमच्या छोट्या कंपनीत स्वस्तातले फोन, रेडिओ, असलं बरंच काही तयार होतं, पण त्यातला मोठ्या बटणांचा फोन वेन्याचा लाडका. फोनच्या पाठीवर एक लाल बटण आहे, ते दाबलं की घरच्यांना आपोआप फोन जातो. बटणं केवढी हवीत यावरून तो साहेबांशी भांडला आणि घंटी किती मोठी हवी यावरून माझ्याशी. शेजारच्या टेबलावर मी फोन तपासते, त्यामुळे त्याची सगळी किरकिर माझ्याच वाट्याला. पण मनाचा निर्मळ माणूस.

हा फोन त्याने खरं तर एकाच बाईसाठी बनवला. त्याची आई आग्निया तिखोनोव्ना दूरच्या खेड्यात एकटी राहते. हृदयाचं दुखणं आहे, तरी शहरात यायचं नाव काढत नाही. हिवाळ्यात विहिरीकडची वाट गोठून घसरडी होते. पहिला तयार फोन वेन्याने तिलाच नेऊन दिला. पण कधीही लावा, तो बंद. मग हा शेजारणीला फोन करणार, ती जाऊन बघून येणार आणि सांगणार, "आहे बाबा जिवंत, कोबी चिरतेय." तोवर याचा जीव टांगणीला.

शेवटी एका रविवारी त्याने मला गाडीत घातलं. "झोया, माझं ऐकत नाही ती. तू समजाव."

घरात शिरताच फोन दिसला. काचेच्या कपाटात, लग्नातल्या पेल्यांशेजारी, विणलेल्या रुमालावर तो ऐटीत उभा होता. पडद्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मी हसले नाही, कारण माझ्या घरी टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत गुंडाळलेला आहे. आमच्यात चांगली वस्तू वापरत नाहीत, जपतात.

"आई, हा वापरायला दिलाय," वेन्या म्हणाला.

"वापरून खराब करू? माझ्या पोराने बनवलाय. पाहुणे आले की दाखवते."

"मग निदान चालू तरी ठेव."

"झिजेल ना."

"आणि तुला काही झालं म्हणजे?"

"मला झालं तर झालं, फोनला काही होणार नाही. ही पोरगी किती वाळलीय रे. तुमची कंपनी हिला खायला घालत नाही?"

मी समजवायला तोंड उघडलं, तर तिने माझ्या हातात मशरूमची पोळी ठेवली. गरम होती. मी खात बसले.

दुसऱ्या दिवशी कंपनीत वेन्याने एक कोरा फोन घेतला, त्याचे कोपरे पॉलिशपेपरने घासले आणि सुरीने पाठीवर ओरखडे काढले. एवढ्याशा डागासाठी मला अख्खं खोकं पुन्हा तपासायला लावणारा हा माणूस! मी ओरडले.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"हा भंगारातला आहे," तो म्हणाला, आणि घासत राहिला.

शनिवारी त्याने तो आईला दिला. कंपनी कचऱ्यात टाकत होती, असं सांगून. "चालता फोन कचऱ्यात?" आग्निया मावशी भडकली. "माजलेत नुसते. आण इकडे." आणि फोन एप्रनच्या खिशात गेला. मग तिचे रोज फोन सुरू झाले. कोंबड्या, बर्फ, शेजारणीची सून. वेन्या वैतागायचा, पण पहिल्या घंटीला उचलायचा.

हिवाळ्यात ती विहिरीच्या वाटेवर पडली. मांडीचं हाड मोडलं, उठता येईना. तिने लाल बटण दाबलं. वेन्याने शेजारणीला धाडलं, रुग्णवाहिका पाठवली. अजून थोडा वेळ गेला असता तर ती तिथेच गोठली असती, असं डॉक्टर म्हणाले.

मी संत्री घेऊन इस्पितळात भेटायला गेले. फोन तिच्या मुठीत होता.

"मावशी, भंगारातलाच कामाला आला बघा," मी म्हणाले.

वेन्या बाहेर डॉक्टरांशी बोलत होता. तिने दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"भंगारातला कसला? लहानपणी नवे बूट घेतले की पोरं चिडवतील म्हणून हा शेडमध्ये जाऊन त्यांना सुरीने असेच ओरखडे काढायचा. आडवे. मी ओळखणार नाही होय?"

"मग तरी वापरलात?"

"माझ्यासाठी त्याने स्वतःच्या हाताने चांगली वस्तू खराब केली. ती वाया घालवू?" ती म्हणाली. "त्याला सांगू नकोस हं."

तेवढ्यात वेन्या आत आला. मावशीने लगेच आवाज चढवला.

"घरी जाशील तेव्हा कपाटातला फोन पुसून ठेव. धूळ बसली असेल."