पैनगंगेकाठचा रेघांचा खडक

वच्छलाबाई पैनगंगेच्या काठी चुनखडीचा दगड फोडायची. तो फारूकभाईंच्या चुनाभट्टीला जायचा. नवरा कधीचाच गेला होता, आणि एकुलती एक लेक, चंदा, तीन वर्षांपूर्वी तापानं गेली. तिच्या कपाळावर ठेवायला बाईनं चांदा शहरातून भुशात गुंडाळून बर्फ आणला होता. बैलगाडी घरी पोचली तेव्हा गोणपाटात नुसता ओला भुसा उरला होता. तेव्हापासून बाई फारशी बोलत नसे.

१९५६च्या हिवाळ्यात भूगर्भ खात्याचे सर्वेवाले एक साहेब हातोडी घेऊन तिथं आले. बाईनं माती ओढून नवा सपाट खडक उघडा केला होता. ती पहार मारणार, तोच साहेब ओरडले, "थांबा बाई!" गुडघ्यावर बसून ते खडकावरून हात फिरवू लागले. त्यावर एकाच दिशेनं गेलेल्या सरळ रेघा होत्या.

"म्हातारे लोक मनतात, देवाच्या रथाची चाकोरी हाय," बाई म्हणाली.

"हे बर्फाचं काम आहे. तीस कोटी वर्षांपूर्वी इथं बर्फाची नदी सरकत होती. तिच्या बुडाशी अडकलेल्या गोट्यांनी खडक घासला."

"इथी? चांद्याच्या उन्हात?"

"तेव्हा इथं कडाक्याची थंडी होती. थंडी वाढली की असा बर्फ पुढं येतो, उष्मा वाढला की मागं हटतो. हिमालयात मी पाहिलंय. बर्फ हटतो, त्या जागी अशाच रेघा राहतात."

बाईनं एका रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "वितळला, तरी खूण ठेवून गेला मनता." तिनं पहार खाली ठेवली.

साहेबांनी कागदावर रेघा उतरवून घेतल्या. "जमलं तर हा फोडू नका," एवढं बोलून ते गेले.

दुसऱ्या दिवशी बाई भट्टीवर गेली. "भाऊ, तो खडक मी फोडणार नाई. वरच्या खाणीतून दगड आणतो."

"ती अर्धा कोस दूर आहे, बाई. काऊन जीव काढता?" फारूकभाई म्हणाले.

"मले झेपते."

बरोबरच्या बायका हसल्या, साहेबानं येड लावलं म्हणाल्या. बाई तीन वर्षं डोक्यावर दगडाची पाटी वाहत राहिली. पूर ओसरला की खडकावरचा गाळ हातानं सारायची. साहेब परत आले नाहीत.

१९५९च्या उन्हाळ्यात तिची मान कायमची धरली आणि पाटी सुटली. तिच्या जागी लागलेला लटारू पहिल्याच दिवशी पहार घेऊन नदीकडं निघाला. फारूकभाईंनी त्याला हाक मारली.

"तिकडं नाई. वरच्या खाणीत जा."