सरांचा युक्तिवाद आणि महालक्ष्मीचे बाळ

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येते, आणि मग त्या मुलाचा उतरलेला चेहरा डोळ्यांपुढे येतो. निवृत्ती जवळ आली होती. जबलपूरच्या एका ठाण्याचा मी टी.आय., म्हणजे प्रमुख होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, मुन्शी रोजनामचा लिहीत होता, एवढ्यात आमच्या भागातले एक निवृत्त प्राध्यापक शेजाऱ्यांचा घोळका घेऊन आत आले. त्यांना सगळे 'सर'च म्हणत. घराणे विदर्भातले, पण कित्येक पिढ्या जबलपुरात. वक्तृत्व स्पर्धांचे कायमचे परीक्षक. ते बोलायला लागले की समोरच्याने फक्त मान हलवायची, असा शिरस्ता होता.

तक्रार अशी. सरांकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा, कनिष्ठा आणि त्यांची दोन बाळे. पहिल्याच दिवशी हळदीकुंकवाची संध्याकाळ पार पडली आणि दुसऱ्या दिवशी पाहतात तो त्यातले एक चांदीचे बाळ नाही. संशय वरच्या खोलीतल्या भाडेकरूवर. मुलगा जवळच्या शहपुऱ्याचा, हिंदी बोलणारा, रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात फिटर.

"इतकी वर्षं महालक्ष्म्या बसून राहिल्या, कधी सुई गेली नाही," सर म्हणाले. "हा जूनमध्ये राहायला आला आणि भाद्रपदात चोरी झाली. आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

"सर, जूनमध्ये तुमच्या गल्लीत नवा ट्रान्सफॉर्मरही बसला," मी म्हणालो. "त्यालाही बोलावू का?"

शेजारी हसले. सर हसले नाहीत.

त्या मुलाचे नाव माझ्याच टेबलावर होते. संरक्षण खात्याच्या कारखान्यात त्याची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्या ठाण्यात अहवालासाठी आला होता. त्याच्या नावावर चोरीचा गुन्हा लिहिला गेला असता, तर पुढे कोर्टात तो सुटला तरी ही नोकरी गेलीच असती. अशा प्रकरणात गुन्हा नोंदवण्याआधी वरिष्ठांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते. मी लगेच ती परवानगी मागून घेतली.

दुपारी आमच्या एका खबऱ्याचा फोन आला. हा मुलगा आदल्या रात्री सराफ्यात फडक्यात काहीतरी बांधून नेताना दिसला होता. ही बातमी माझ्याआधी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचली होती, आणि संध्याकाळपर्यंत तिथे खटला चालून निकालही लागला होता.

मुलाला बोलावले. सरांनाही समोर बसवले. मुलगा खाली मान घालून गप्प बसला.

"पाहा, चूप बसून राहिला," सर म्हणाले. "मन साफ असतं तर बोलला असता."

मी मुलाला पाणी दिले आणि सराफ्याबद्दल विचारले. तो भडाभडा बोलला. "साहब, अम्मा की पायल थी. कड़ी टूट गई थी, जोड़ने दी है. वो मूर्ति तो मैंने ठीक से देखी भी नहीं."

"पाहा, किती तयार उत्तर," सर म्हणाले. "पाठ करून आला आहे."

मी हवालदाराला सराफ्यात पाठवले. पैंजण तिथेच होते, कडी जोडायची बाकी होती. सर म्हणाले, "मग सोनारही सामील असेल."

नोकरीत मी पुष्कळ सराईत गुन्हेगार हाताळले, पण असा पेच मला एकाही सराईताने टाकला नव्हता. मुलगा गप्प राहिला तरी चोर, बोलला तरी चोर. पैंजण सापडले नसते तर चोर, सापडले तर सोनारासकट चोर. आणि गंमत म्हणजे सर खोटे बोलत नव्हते. त्यांचे प्रत्येक वाक्य मनापासून होते, म्हणून तर शेजारी त्यांच्यामागून ठाण्यापर्यंत आले होते. खोटे बोलणारा माणूस कुठेतरी अडखळतो, त्याला पकडता येते. स्वतःचीच खात्री पटलेला माणूस अडखळत नाही.

मी विचारले, "सर, काय दिसलं तर तुम्ही म्हणाल की या मुलाने चोरी केली नाही?"

त्यावर सरांनी ठेवणीतला मुद्दा काढला. "साहेब, सरळ गोष्ट आहे. एक तर यानं नेलं, नाहीतर आमच्या घरच्या माणसानं. घरचं माणूस आपल्याच महालक्ष्मीचं बाळ चोरेल का? चलो, उरला कोण?"

मुलाला मी घरी जाऊ दिले. पण सरांचे ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्यांनी दोन दारे दाखवली होती आणि त्यातले एक न उघडताच लावून घेतले होते. तपासात असे दार दिसले की मी आधी तेच उघडून पाहतो.

दुसऱ्या दिवशी, विसर्जनाच्या आधी, पंचनाम्यासाठी सरांच्या घरी गेलो. मुखवटे चांदीचे, गळ्यात मोत्यांचे हार, पायाशी चांदीची निरांजने. सगळे जागेवर. ज्याला चोरीच करायची तो हे सोडून बोटभर बाळ कशाला नेईल? आणि दोन असताना एकच कशाला? आणि अचानक मला माझ्या आईच्या विदर्भातल्या माहेरची गोष्ट आठवली. आमच्याकडच्या काही घरांत अशी समजूत आहे की मूल होत नसलेल्या बाईने दुसऱ्या घरच्या महालक्ष्मीचे एक बाळ गुपचूप उचलून न्यावे, आपल्या घरी सांभाळावे, आणि कूस उजवली की नवे झबले घालून वाजतगाजत परत आणावे. मात्र तोवर कुणाशी बोलायचे नाही. माझ्या ठाण्यातल्या बाकी कुणाला हे ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. सरांना असायला हवे होते, पण त्या घरात कथा-आंबील सगळे काकू सांभाळायच्या आणि सर फक्त आरतीला उभे राहायचे.

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. या प्रकरणात अवाक्षर न बोललेल्या त्या एकट्याच होत्या. चहा घेऊन आल्या तेव्हा सर बाहेर फोनवर कुणाला तरी पटवत होते. मी हळूच विचारले, "काकू, एकच बाळ काहून गेलं असेल?"

त्यांनी दाराकडे पाहत बशी खाली ठेवली. "भाऊ, ते बोलायचं नसते," त्या म्हणाल्या. "बोललं की फळ जाते."

"मला नाव नको. पण वरच्या पोराची फाईल माझ्या टेबलावर आहे. सर अडून बसले तर मला त्याच्या नावावर गुन्हा लिहावा लागेल आणि त्याची नोकरी जाईल."

"नोकरी? मला वाटलं, दोन दिवस बोलतीन अन् सोडून देतीन." काकूंनी देवीला हात जोडले. मग पदराने डोळे पुसून त्यांनी फोन उचलला. "एकाच्या पोराच्या पोटावर पाय देऊन माझ्या पोरीले पोर नको," एवढेच मला म्हणाल्या.

त्यांची मुलगी शहरातच दिलेली होती. चोरीचा आळ कुणावर आला आहे हे तिला आईने कळूच दिले नव्हते. ती आली ती थेट. मिठाईच्या डब्यात कापसावर निजवलेले बाळ होते, अंगात तिने स्वतः शिवलेले इवलेसे झबले. सरांकडे तिने पाहिले नाही. जिना चढून त्या मुलासमोर डबा उघडला आणि म्हणाली, "भैया, माफ करना. चोर मैं हूँ."

काकूंनी त्याला सगळे समजावले. त्याला आपण सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो मात्र विचारत होता, "दीदी, आपने बता दिया, तो अब आपकी मन्नत का क्या होगा?" तिने डब्यातल्या बाळाचे झबले सारखे केले.

आमचे बोलके सर जिन्यात उभे होते. मला वाटले, आता नवा मुद्दा येईल. त्यांनी मुलाचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "बेटा, मैं ग़लत था." सर एवढे थोडके बोललेले मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. तक्रार मागे घेतल्याचा जबाब त्यांनी दिला, आणि त्याच दिवशी मी पडताळणीवर 'प्रतिकूल काही नाही' असे लिहून सही केली.

या प्रकरणाने मला एक शिकवले. बोलणे पटले, याचा अर्थ ते खरे आहे असा होत नाही. सगळे म्हणतात यात 'सगळे' पुष्कळ असतात, पाहिलेले कुणीच नसते. आणि ज्याला आपण चुकू शकतो असे वाटतच नाही, त्याच्या हातात दुसऱ्याचे नशीब देऊ नये, मग तो कितीही भला असो.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो होतो. सरांनी महालक्ष्मीच्या प्रसादाला बोलावले. पंगतीत तो मुलगा वाढत होता, संरक्षण खात्याच्या कारखान्यात रुजू होऊन त्याला काही महिने झाले होते. सरांची पोरगी आली, देवीपुढे हळदीकुंकू वाहिले आणि त्या दोन बाळांपाशी घुटमळली. सर एकदम उठले. "चलो, सगळे गच्चीवर. फोटो काढायचा आहे. इथे कुणी थांबायचं नाही." भर दुपारी, टळटळीत उन्हात फोटो. कुणीही का म्हणून विचारले नाही. बायका, म्हातारे, पोरेसोरे सगळे जिना चढू लागले. तो मुलगा दारात पाठ करून उभा राहिला. माझे गुडघे दुखतात, मी मागे राहिलो होतो. मी भिंतीकडे तोंड केले आणि कॅलेंडर वाचत बसलो.

उभ्या नोकरीत मी लोकांना एकच विचारत आलो, तुम्ही काय पाहिलंत? त्या दिवशी मला कुणी विचारले असते, तर मी शपथेवर सांगितले असते की मी काही पाहिले नाही.