ओवाळणीच्या ताटातली गिरणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज सांगतोय ते मन मोठं झालं म्हणून नव्हे — वैतागलोय म्हणून.

देणं बुडवायला मालमत्ता नातेवाइकांच्या नावे करणाऱ्यांविरुद्धचा कायदा जुना झाला, राज्याने तो बदलावा, असं आमच्या साकोलीच्या वकील मंडळींनी मनावर घेतलंय. आज ज्याचे पैसे बुडाले त्यालाच सिद्ध करावं लागतं की मालमत्ता देणाऱ्याच्या मनात फसवणूक होती. दुसऱ्याच्या मनातलं सिद्ध कसं करायचं, सांगा? तेव्हा ते ओझं देणाऱ्यावर टाका, अशी सूचना. आणि मसुदा लिहायचं काम कुणाच्या गळ्यात? माझ्या! म्हणे, या विषयात माझा हातखंडा आहे.

दोन ओळी लिहितो, खोडतो. चहा गार होतो. घरात सगळ्यांवर खेकसत सुटतो. लिहायला असं काय लागतं? पळवाट कुठे आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. मी तिच्यातूनच गेलोय.

वडील गेल्यावर वकिलीसोबत मी सानगडी रस्त्यावरची आमची भातगिरणी चालवू लागलो. नव्या यंत्रांसाठी गिरजाबाईंनी पैसे दिले. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, त्याचा मोबदला होता तो. वडिलांची जुनी ओळख, वर मी वकील — बँकेपेक्षा माझ्यावर त्यांचा विश्वास. गिरणी चालली नाही म्हणू? चालली की! परत देण्याइतकी चालत नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो. नव्या वसाहतीतलं त्यांचं घर छपरावाचून उभं होतं, आणि दर बाजाराच्या दिवशी त्या माझ्या ओसरीवर येऊन बसायच्या. मला राग यायचा — त्यांचा!

मग त्या कोर्टात जाणार असं कानावर आलं. माझ्या नावावर गिरणीशिवाय काही नव्हतं. मी ती धाकट्या बहिणीच्या, सुनंदाच्या नावे बक्षीसपत्र करून टाकली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी... पण नाही, मला ते चांगलंही दिसायला हवं होतं. भाऊबीजेला सुनंदानं ओवाळलं, तेव्हा तो कागद मी ताटात ठेवला. म्हणालो, बाबांची शेवटची इच्छा होती.

बाबा असं काही बोलले नव्हते. एक शब्दही नाही. सुनंदा ताट हातात धरून रडली.

पुढे गिरजाबाईंनी बक्षीसपत्र रद्द करायला दावा लावला. मी सुनंदाला काही पढवलं नाही. गरजच काय होती? साक्षीला उभी राहून ती म्हणाली, "बाबाची इच्छा होती साहेब. दादानं पाळली." खोटं बोलणारा साक्षीदार उलटतपासणीत फुटतो. ही कशी फुटणार? दावा फेटाळला गेला. गिरणी नावाला सुनंदाची, चालवतो अजून मीच. आणि आता मी कायद्यातली त्रुटी दाखवू? कायद्यानं मला ताटात कागद ठेवायला सांगितलं होतं का?

पण खरं सांगायचं ते याच्याही पुढचं आहे — इतका वेळ मी तेच टाळतोय.

निकालाच्या दिवशी गिरजाबाई आवारात माझ्याकडे आल्या. मला वाटलं, शिव्या देतील. उलट चार शब्द सुनावायची मी तयारी ठेवली होती. त्यांनी हात जोडले.

"तुमच्या बाबाची इच्छा होती, मले का मालूम जी? तुमच्या बहिणीनं सांगतलं तवा समजलं. मी उगाच तुमच्यावर शक घेतला. माफ करा, वकीलसाहेब."

अजूनही तोंड उघडता आलं असतं. आजूबाजूला ओळखीचे वकील उभे होते, ऐकत होते.

"जाऊ द्या मावशी," मी म्हणालो, "मी मनावर नाही घेतलं."

मी त्यांना माफ केलं.