मामांची नखतपासणी

आमच्या मामांनी आयुष्यात एकाही माणसाचं तोंड आधी पाहिलेलं नाही. आधी नखं, मग तोंड. पलटणीतून सुभेदार होऊन ते वाईजवळच्या गावी परतले, पण सकाळची तपासणी काही त्यांच्या अंगातून निवृत्त झाली नाही. त्यांच्याकडे जेवायचं तर पाटावर बसण्याआधी दोन्ही पंजे पुढे धरायचे, मग तो पाहुणा असो की ऊसतोडीचा मुकादम. मुलीला एक चांगलं बागायतदाराचं स्थळ आलं, तर मामा म्हणाले, "पोरगं ब्येस हाय, पण करंगळी बघितलीस? निस्ती काळी कड! अशा हातात पोरगी द्यायची व्हय?" स्थळ गेलं. मामी आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पुढे मुलीचं लग्न झालं, नात झाली, आणि नेमकं तेव्हाच मामांच्या अनामिकेचं नख टोकाकडून मांस सोडू लागलं. त्या फटीत मळ शिरायचा तो निघायचाच नाही. मामांनी ब्रशनं घासलं, लिंबू चोळलं, रक्त येईपर्यंत कोरलं. चार-चार भाकरी हाणूनही माणूस वाळत चालला होता, हात थरथरत होते, ऐन थंडीत घाम फुटत होता. पण यांचं सगळं लक्ष त्या नखावर! बारशाला सगळे मांडवात, आणि मामा मागच्या खोलीत एकटेच ताट घेऊन बसलेले. नातीला घ्या म्हटलं तर हात पाठीमागे. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "आता कुठल्या तोंडानं दुसऱ्याची नखं बघू रं?" मला फार वाईट वाटलं.

शेवटी मामींनीच "आवं, चला गुमान" म्हणत त्यांना साताऱ्याला नेलं. मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी नख पाहिलं, गळा चाचपला, रक्त तपासलं आणि सांगितलं, "सुभेदारसाहेब, हा अस्वच्छपणा नाही. थायरॉईड वाढलंय, त्यात नख असं सुटतं." पुढचं औषधपाणी मामांच्या कानातच गेलं नाही. "म्हंजे माझी कसूर न्हाई?" त्यांनी दोनदा विचारलं आणि बाहेरच्या बाकावर बसून डोळे पुसले. मामी म्हणाल्या, "माझ्यासाठी कवा रडला न्हाई, आन् नखापायी रडताय!"

औषधानं हात स्थिरावले, नखही हळूहळू धरून आलं. नात दिवसभर त्यांच्या मांडीवर असते. तपासणी मात्र बंद झाली. सवयीनं कुणी पंजे पुढे केलेच तर "बसा, जेवा," म्हणतात, आणि ते घर मला उगाच ओकंबोकं वाटतं. म्हणून परवा मी मुद्दाम नखं वाढवून गेलो आणि ताटाआधी पंजे पुढे धरले. म्हटलं, होऊ दे एकदा आरडाओरडा. मामांनी माझी बोटं हातात घेतली, एकेक नख दाबून पाहिलं आणि हळूच विचारलं, "लेका, बरा हाईस न्हवं?"